ड्वेमरांचा तंबोरा : प्रकल्प नोंदी

9 जून 2024, रविवार

काल रात्री पुन्हा स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम उघडला. माझा जादूगार हल्ली चार वस्तू अंगावर चढवून हिंडतो: टोपी, झगा, अंगठी आणि गळ्यातली माळ. एन्चँटिंग, म्हणजे वस्तूंवर जादू चढवण्याचं कौशल्य, 100 वर नेलं आणि त्यातल्या बढत्या घेतल्या की या प्रत्येक वस्तूवर विध्वंसाच्या जादूचा खर्च 25 टक्के कमी करणारा संस्कार चढवता येतो. चार पंचवीस शंभर. म्हणजे दिवसभर आगीचे लोळ फेका, मॅजिकाची, म्हणजे जादूसाठी लागणाऱ्या शक्तीची, पट्टी जागची हलत नाही. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी ड्रॅगन समोर उतरला तरी मी चहा पीत होतो.

याच मालिकेतल्या जुन्या मॉरोविंड (2002) मध्ये असं नव्हतं. तिथे मॅजिका आपोआप भरत नसे. झोपायचं, नाहीतर औषध प्यायचं. वर स्पेल फसण्याचीही शक्यता असायची, दमलेल्या जादूगाराची जास्तच. स्कायरिममध्ये पट्टी दर सेकंदाला 3 टक्के भरते, लढाईत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. खेळायला सोयीचं आहे, नाकारत नाही. पण ज्याची किंमत पडत नाही ती जादू कसली, ती नळाची धार झाली.

तर ठरलं. या खेळात घालायला एक नवी जादू आपणच करायची. मॅजिकाला हातही न लावणारी. आणि ती या जगातच रुजलेली हवी, बाहेरून आणून चिकटवलेली नको.

12 जून

जग काय सांगतं ते आधी काढून ठेवतो, म्हणजे पुढे आपलेच नियम आपण मोडणार नाही.

टॅमरिएलमधली, म्हणजे या खेळाच्या जगातली, नेहमीची जादू वरून येते. मॅग्नस या जगाचा आराखडा करणारा. काम अर्ध्यावर टाकून तो पळाला आणि पळताना त्याने जे भोक पाडलं तो सूर्य. त्या भोकातून एथेरियस या वरच्या लोकातली मॅजिका खाली झिरपते. तारे म्हणजे त्याच्या मागोमाग पळालेल्यांची भोकं. मला ही कल्पना फार आवडते: अख्ख्या जगाची जादू ही एका पळपुट्या शिल्पकाराने ठेवलेली गळती आहे.

ड्वेमरांचं मात्र वेगळं. लोक त्यांना बुटके म्हणतात, पण ते एल्फच, जमिनीखाली राहणारे. त्यांचे कारागीर स्वरांनी काम करत. जगाच्या हाडांचा म्हणून एक स्वर असतो आणि त्याला हात घालता येतो, असा त्यांचा विश्वास. त्यांचा मुख्य स्वर-शिल्पकार कॅग्रेनॅक. लोर्खान या देवाच्या हृदयावर काम करायला त्याने तीन हत्यारं घडवली: एक हातोडा, एक पातं, एक हातमोजा. पहिल्या युगाच्या 700 व्या वर्षी, लाल पर्वताच्या लढाईत, ड्वेमर एका क्षणात नाहीसे झाले. का, ते खेळात कुठेच पक्कं सांगितलेलं नाही. ही मोकळी जागा माझ्या कामाची.

म्हणजे माझी जादू खालून येणार, दगडातून. ड्रॅगनांच्या थूमशी, म्हणजे त्यांच्या आरोळीच्या जादूशी, तिची गल्लत होऊ द्यायची नाही. थूममध्ये शब्द असतो आणि तो बोलणाऱ्याच्या छातीतून निघतो. इथे शब्द नाही, आणि स्वर माणसाचा नाही, जागेचा.

16 जून, रविवार

वहीत पहिला आराखडा केला आणि संध्याकाळी फाडून टाकला. सात स्वर, सात शक्ती. षड्ज म्हणजे आग, रिषभ म्हणजे बर्फ, गंधार म्हणजे वीज, असं करत निषादापर्यंत. कागदावर तक्ता देखणा दिसत होता, तिथेच शंका यायला हवी होती. याने खेळणाऱ्याला काही करावं लागत नाही. नावं बदलली, बटणं तीच. शिवाय ड्वेमरांच्या तोंडी गंधार-मध्यम घालणं म्हणजे ब्लॅकरीचमध्ये, त्यांच्या भुयारी नगरीत, वडापावची गाडी लावण्यासारखं.

एक गोष्ट मात्र खेळातच सापडली. डॉनगार्ड (2012) या स्कायरिमच्या पुरवणीतल्या आर्कंगथाम्झ नावाच्या ड्वेमर अवशेषाच्या तळाशी एक स्वर-कुलूप आहे. भिंतीवर पाच अनुनादक, म्हणजे घाव बसला की घुमणारी यंत्रं, बाण मारून ते ठरलेल्या क्रमाने वाजवायचे. क्रम चुकला की शिक्षा. म्हणजे स्वराने दार उघडतं हे निर्मात्यांनीच मान्य केलंय. पण ते कोडं आहे, एकदा सुटलं की संपलं. मला रोजची भाकरी हवीय.

23 जून, रविवार

आत्याकडे गेलो, तंबोरा रेकॉर्ड करायला. तिचा तंबोरा मिरजेचा, चाळीसेक वर्षं जुना. भोपळ्याला एका बाजूने चीर गेलीय, ती लाखेने बुजवलेली. पावसाने हवा दमट, खुंट्या फुगलेल्या. एक खुंटी फिरवताना कर्र आवाज झाला आणि आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची बोटं पिरगाळली.

"खडू लाव आधी. आणि मला सांग, हे कशासाठी?"

"खेळासाठी, आत्या. कॉम्प्युटरच्या."

"खेळात तंबोरा?"

"खेळातल्या जमिनीखाली एक जमात होती. ती स्वरांनी यंत्रं चालवायची."

"मग ती शहाणी जमात," असं म्हणून तिने तंबोरा मांडीवर घेतला.

तिची गायची पट्टी काळी चार. जोडाच्या, म्हणजे एकाच सुरातल्या, दोन तारा लावल्या, पंचम लावला, शेवटी खर्ज, सगळ्यांत खालच्या सुराची तार. मग घोडीवरचं सूत प्रत्येक तारेखाली केसाएवढं पुढे-मागे सरकवत बसली. इतका वेळ नुसता टणत्कार होता. सूत एका जागी आलं आणि त्याच तारेतून झणझणीत धूर निघाल्यासारखा आवाज पसरला. जवारी खुलली. मी मोबाइल घोडीपासून वीतभर अंतरावर ठेवला, पंखा बंद केला, दाराला आतून चादर लावली.

आणि तरीही खर्ज हलत होता. घूंऽ-घूंऽ-घूंऽ, सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे. मला वाटलं तार सैल पडतेय. आत्या म्हणाली, "तार नाही रे. फ्रिज." स्वयंपाकघरात जाऊन तिने बटण बंद केलं. खर्ज एकदम सरळ झाला.

घरी येऊन हिशेब केला. काळी चारचा षड्ज 207.65 हर्ट्‌झ, खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 103.8. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, आणि मोटारीची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण त्याच्या दुप्पट, 100. दोन स्वर जवळजवळ सारखे असले की त्यांच्या फरकाइतके ठोके सेकंदाला ऐकू येतात. 3.8. अगदी तेच. आत्याच्या स्वयंपाकघराला स्वतःचा सूर होता आणि तंबोरा त्याच्याशी भांडत होता.

रात्री झोप आली नाही. सगळी पद्धत इथेच आहे. जागेला सूर असतो. जादूगाराला सूर असतो. मधल्या फरकाचे ठोके. बस.

25 जून

नवे नियम, यावेळी वही फाडणार नाही.

ड्वेमर अवशेषांमध्ये वाफेची यंत्रं अजून चालू आहेत, म्हणून प्रत्येक अवशेष गुणगुणतो. ही गुणगुण म्हणजे जागेचा सूर. जादूगाराजवळ एक पितळी काटा, म्हणजे वाजवून सूर देणारा चिमटा, असेल आणि तो 'खुंटी' नावाच्या शक्तीने वर-खाली लावता येईल. जागा आणि काटा यांच्यातला फरक 0 ते 4 पायऱ्यांचा. फरक 4 असेल तर ठोके जलद आणि जादू उलटून अंगावर. फरक कमी होत गेला की ठोके संथ आणि जादू जोरदार. प्रत्येक वापराने काटा एक पायरी उतरतो. लढता लढता पुन्हा लावायचा. मॅजिका शून्य.

काय करता येणार नाही, याची यादी जास्त महत्त्वाची: उघड्या माळावर ही जादू चालत नाही, कारण तिथे गुणगुण नाही. जिवंत माणसावर थेट चालत नाही. दगड, धातू, वाफ, कुलपं आणि यंत्रं एवढंच तिचं राज्य. व्हाइटरन शहराच्या बाजारात हा जादूगार म्हणजे खिशात काटा घेऊन फिरणारा एक साधा माणूस. हे मला फार बरं वाटलं.

आजचा गोंधळ: आवाज खेळात घातला तर तो सगळीकडे सारखाच ऐकू यायला लागला! यंत्राजवळ जा, लांब जा, फरक शून्य. दोन तास साउंड डिस्क्रिप्टरचे, म्हणजे आवाजाच्या सेटिंगचे, रकाने उलथेपालथे केले. कारण शेवटी हे की फाइल स्टिरिओ होती. अंतराप्रमाणे कमी-जास्त व्हायला ती मोनो लागते. जुने लोक सांगून दमलेत, मीच वाचलं नव्हतं.

30 जून, रविवार

पॅपिरस. खेळाच्या या स्क्रिप्टच्या भाषेत वाजत्या आवाजाचा जोर बदलता येतो, सुराची पट्टी बदलता येत नाही. म्हणून ठोके खरेखुरे तयार होऊ द्यायचा बेत बारगळला. त्याऐवजी संगणकावर दोन खर्ज एकमेकांवर चढवून पाच फाइली केल्या: सेकंदाला चार ठोके, दोन, एक, दोन सेकंदांना एक, आणि सरळ. पायरी बदलली की जुनी थांबवून नवी लावायची. आवाज निघतो तो त्या जागी ठेवलेल्या अदृश्य खुणेतून.

जागा ओळखायला प्लेअरच्या एलिअसवर ऑनलोकेशनचेंज (जागा बदलली की कळवणारी सोय) ठेवलं आणि नव्या जागेला ड्वेमर यंत्रांचा कीवर्ड आहे का ते विचारलं. अवशेषात उत्तम चाललं. बाहेर पडलो आणि चुका नोंदवणारी लॉग फाइल लाल मिरच्यांसारखी भरली. माळावर गेलं की नवी जागा म्हणून खेळ काहीच देत नाही, 'नन' येतं, आणि मी त्या 'नन'लाच कीवर्ड विचारत बसलो होतो. जी जागाच नाही तिला तुझा सूर काय म्हणून विचारणारा मीच. एक ओळ वाढवली, मिटलं.

दुसरी गोष्ट दर वेळी विसरतो म्हणून इथे लिहून ठेवतो: स्क्रिप्टमधली प्रॉपर्टी एकदा सेव्हमध्ये गेली की एडिटरमध्ये आकडा बदलून उपयोग नाही, जुनाच आकडा चालू राहतो. चाचणी नेहमी मुख्य मेनूवरून, कन्सोलमध्ये सीओसी क्यूएस्मोक (थेट चाचणीच्या खोलीत नेणारी आज्ञा) लिहून, कोऱ्या पात्राने.

6 जुलै

काही केलं नाही. ऑफिस.

14 जुलै, रविवार

भाचा आला होता, वय 15. त्याला कोरं पात्र दिलं, ड्वेमर अवशेषाच्या दारात सोडलं आणि मागे खुर्ची टाकून बसलो. काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. चार मिनिटं टिकलो.

"अरे, ऐक ना. ठोके ऐक."

"कसले ठोके, मामा?"

पठ्ठ्याच्या कानात स्वतःचे हेडफोन, मोबाइलवर गाणी चालू. खेळाचा आवाज त्याने पहिल्याच मिनिटाला बंद केला होता. तो म्हणे नेहमी असाच खेळतो. यांत्रिक कोळ्याने त्याला तीन वेळा मारलं आणि तिन्ही वेळा जादू उलटून त्याच्याच अंगावर आली. "मामा, हे मोडलंय," हा निकाल.

राग आला, पण पोराचं बरोबर आहे. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला सूर कळत नाही, त्याला मी दाराबाहेर उभं केलंय. पडद्यावर आकडा दाखवणं सोपं आहे. पण आकडा दिसला की कोणी ऐकणार नाही, आकडाच बघणार. मग पुन्हा पट्टीच आली, नाव बदललेली.

17 जुलै, आषाढी

सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो आणि उत्तर हाताशी आलं, अक्षरशः हाताशी. पॅपिरसमध्ये कंट्रोलर थरथरवायची सोय आहे. ठोका पडला की थरथर. फरक 4 असताना हातात नुसता कंप, फरक कमी होईल तसा एक एक ठोका सुटा होत जातो, नाडीसारखा. डोळे मिटून लावून पाहिलं, आवाज बंद करून. लागलं. माऊसवाल्यांसाठी कॅमेरा अगदी किंचित हलवला. जास्त हलवला तर डोकं दुखतं, 0.1 च्या वर जायचं नाही.

21 जुलै

आत्याला फोन केला, रेकॉर्डिंग चांगलं आल्याचं सांगायला. बोलता बोलता विचारलं, जोडाच्या दोन तारा अगदी तंतोतंत एक झाल्या तर?

"तर जोड कळतच नाही. एकच तार वाजतेय असं वाटतं. दुसरी आहे की नाही ते बोट लावून बघावं लागतं."

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो.

28 जुलै, रविवार

महिनाभर एक खडा टोचत होता. फरक 0 म्हणजे पूर्ण शक्ती, हा नियम कागदावर बरोबर दिसतो, पण खेळताना त्यात ताण नाही. एकदा जुळवायची युक्ती कळली की माणूस 0 वर जाऊन बसतो आणि पुन्हा चहा प्यायला मोकळा.

आता उत्तर असं: 0 हीच धोक्याची जागा. सूर तंतोतंत मिळाला की जागा आणि जादूगार यांच्यातला भेद कळत नाही. कोण वाजतंय, दगड की माणूस? जग बोट लावून बघत नाही, एक तार कमी समजतं. 0 वर पहिल्या वापराला हात धूसर. दुसऱ्याला अख्खं शरीर. तिसऱ्याला माणूस नाही.

आणि ड्वेमरांचंही हेच झालं असं मी धरतो. त्यांचा सूर चुकला म्हणून ते गेले नाहीत. तो लागला म्हणून गेले. हे अधिकृत नाही, हा माझा तर्क. पण खेळातलं एक पात्र त्याच्या बाजूने साक्ष देतं. विंटरहोल्डच्या विद्यालयातला अर्निएल गेन. ड्वेमरांचं काय झालं हे शोधायला तो त्यांचाच प्रयोग लहान प्रमाणावर करून बघतो, कॅग्रेनॅकचं पातं, कीनिंग, मिळवतो आणि बिघडलेल्या आत्म-रत्नावर त्याचे घाव घालत राहतो. एका घावाला रत्न तिथेच, पातं तिथेच, अर्निएल नाही. मी 2012 साली हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं खेळ अडकला. सेव्ह परत लोड केली होती.

म्हणजे शहाणा स्वर-शिल्पी कायम एक पायरी अलीकडे थांबणार. दोन सेकंदांना एक ठोका. तो ठोका म्हणजे तू अजून वेगळा आहेस याची खूण. शक्ती तिथे तीन चतुर्थांश ठेवली. उरलेल्या पाव हिश्शाचा मोह, तेवढ्यावर सगळा खेळ.

11 ऑगस्ट, रविवार

आकड्यांची मारामारी. काटा दर वापराला एक पायरी उतरतो ते फारच हुकमी होतं, मोजून खेळता येत होतं. आता कधी एक, कधी दोन, आणि वाफेच्या नळाजवळ उभं असलं तर दोनच. धातू तापला की सूर उतरतो, एवढं खरं भौतिकशास्त्र पुरे.

जागा मुकी होण्याचा नियमही घातला: एका अवशेषात बारा वेळा जादू केली की तिथली गुणगुण कायमची थांबते, दिवे विझतात, कोळी जागच्या जागी पडतात. सोपा विजय वाटतो, पण ज्या दारांना स्वर लागतो ती मग कधीच उघडत नाहीत. भाच्याला हा नियम पटलेला नाही. "मामा, मी पैसे दिलेत त्या खेळाचे, दार बंद कसं करतोस?" असं त्याचं म्हणणं. त्याच्या खात्यावरचा खेळ मीच घेऊन दिलाय, पण ते असो.

दुरुस्तीची यादी आज 14 वर आली. चौदावी: जादूगार मेला तरी आवाज थांबत नाही. वाजत्या आवाजाचा क्रमांक मी जादूच्या परिणामाच्या स्क्रिप्टमध्ये ठेवला होता. माणूस मरतो, परिणाम संपतो, त्याच्याबरोबर क्रमांकही जातो, आणि खुणेतला आवाज कोणाचंच न ऐकता चालू राहतो. क्रमांक क्वेस्टच्या स्क्रिप्टमध्ये हलवला की काम होईल. अर्ध्या तासाचं काम.

18 ऑगस्ट, रविवार

भाचा पुन्हा. यावेळी हेडफोन काढून, स्वतःहून. ब्लॅकरीचमध्ये सोडला. तिसऱ्या मिनिटाला त्याचा अंगठा ठोक्याबरोबर हलायला लागला, त्याला कळलंही नसेल. एक पायरी अलीकडे राहून त्याने दोन मोठी यंत्रं पाडली. मग सेंच्युरियन हा राक्षसी यंत्रमानव आला, वाफ ओकत. वाफेजवळ काटा घसरला, ठोके जलद झाले, त्याने घाईघाईने खुंटी चढवली आणि ती एक जास्त चढली.

ठोके थांबले. खर्ज सरळ.

मी काही बोललो नाही. त्याने जादू टाकली, हात धूसर झाले. "भारी!" पुन्हा टाकली. सेंच्युरियन गुडघ्यावर. त्याने माझ्याकडे एकदा मागे वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा टाकली.

पडद्यावर ना पात्र, ना प्रेत. पितळी काटा फरशीवर पडलेला, कॅमेरा त्याच्यावर, आणि आत्याचा तंबोरा वाजतोय, एकाच तारेचा असल्यासारखा. लोडिंगचा पडदा यायला चार-पाच सेकंद गेले असतील.

"मामा, तो गेला," भाचा हळू आवाजात म्हणाला, "मग हे कोण वाजवतंय?"

चौदावी दुरुस्ती यादीतून खोडली.